पाचशे साठ ठिपके

'जेवलास का?' हा माझा निरोप समुद्राच्या तळाशी पोचतो. मग जुईचा तीन मिनिटांचा आवाज का पोचत नाही?

हे कोडं माझ्या मुलीने सोडवलं. नऊ वर्षांची आहे ती. कोडं तयार मात्र मी केलं होतं, निव्वळ काळजीपोटी, आणि सहा दिवस मला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

जुईचे बाबा, प्रसन्न, प्रवाळांवर काम करतात. प्रवाळ म्हणजे समुद्रात वसाहत करून राहणारे इवलेसे जीव. मालवणच्या किनाऱ्यापासून बरंच आत, पाण्याखाली तीस मीटरवर 'शिंपला' नावाचं स्थानक आहे. तिथे सहा माणसं राहतात आणि आजारी प्रवाळांची रोपवाटिका सांभाळतात. एकदा खाली गेलं की चार महिने वर यायचं नाही. समोरासमोर दिसून बोलायची सोयही नाही, कारण खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी फार लांब जात नाहीत. जे काही पाठवायचं ते शेवटी पाण्यातून, आवाजाच्या लहरींवर जातं. देवमासे एकमेकांना हाका मारतात ना, तसंच. पण त्या वाटेने एका वेळी थोडंच जातं आणि हळूहळू जातं.

जुई बोलताना अडखळते. शब्द तिला माहीत असतो, ओठांपर्यंत आलेला असतो आणि तिथेच अडून बसतो. कुणी घाई केली की जास्तच. जाताना बाबा तिला म्हणाले होते, "मला लिहून नको पाठवू हं. बोलून पाठव. पाहिजे तेवढा वेळ घे. खाली मला कुठे गाडी पकडायचीय?"

तिने अकरा दिवस घेतले. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि बाल्कनीच्या दाराशी बसून 'घरच्या बातम्या' बोलायची. पुसायची, पुन्हा बोलायची. वॉशिंग मशीनच्या मागे मांजरीला तीन पिल्लं झाली. आईने पोह्यांत मीठ दोनदा घातलं. असल्या बातम्या. रविवारी सकाळी तिने टिटवीला हाक मारली. टिटवी म्हणजे आमची घरातली रोबो. दोन लांब पायांवर तुरूतुरू चालते, म्हणून जुईनेच ते नाव ठेवलंय.

"टिटवी, हे बा-बाबांना पाठव."

जरा वेळाने टिटवी म्हणाली, "निघालं."

सोमवारी जुईने मला विचारलं, "आई, पोचलं?"

"पोचलं असणार गं. कामात असतील ते."

मंगळवारीही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. माझ्या निरोपांना प्रसन्नची उत्तरं येत होती. 'हो, जेवलो.' 'सगळं छान.' जुईच्या आवाजाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. बुधवारपासून तिने विचारणं सोडलं. मग बोलणंही सोडलं. मी मोजत होते, कारण मी असलं सगळं मोजते: बुधवारी दिवसभरात चौदा शब्द, गुरुवारी सहा, शुक्रवारी नुसती मान. शाळेतल्या बाईंचा फोन आला, "बरं नाही का तिला?" मी म्हणाले, "छान आहे की, जरा सर्दी आहे."

शनिवारी सकाळी आंबोळ्या करत होते, तेवढ्यात प्रसन्नचा निरोप आला. 'सगळं छान. जुईला म्हणावं, घाई नाही. तयार होईल तेव्हा बोलून पाठव. वाट बघतोय.'

मी काय केलं असेल? फोन ओट्यावर उपडा ठेवला. तिला आता सांगायला नको, आधी आपण बघू, असं मनात आलं. पण जुई ताटली घेऊन मागेच उभी होती आणि तिने तो वाचला होता.

"म-म्हणजे त्यांनी ऐ... ऐकलंच नाही?"

"अगं..."

"मला वाटलं, ऐकलं आणि न-नाही आवडलं. मी अ-अडखळते म्हणून."

तव्यावरची आंबोळी करपली. मी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसले. सहा दिवस ही पोर असं समजून चालली होती, आणि मी तिला सांगत होते, पोचलं असणार!

जुई मात्र बसली नाही. ती सरळ टिटवीपुढे जाऊन उभी राहिली. "माझा आवाज क-कुठे आहे?"

"वाटेत हरवतोय," टिटवी म्हणाली. "मी दर तासाला पुन्हा पाठवते. शिंपल्याशी संपर्क जुळतो. मग मी आवाजाचं पहिलं पाकीट सोडते, ते हरवतं. तेच पुन्हा सोडते, तेही हरवतं."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस, पाठव. मी म्हटलं, निघालं. निघालं होतं."

"आगाऊ कुठली," मी खालूनच म्हणाले.

पाकीट म्हणजे काय, ते जुईला शाळेत शिकवलंय. कुठलीही मोठी माहिती जाळ्यावरून (एकमेकांना जोडलेल्या संगणकांच्या वाटांवरून) सलग जात नाही. तिचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रमांक घालतात, आणि पोचल्यावर ते पुन्हा जोडतात. एका पाकिटात किती माहिती मावते, ते बाइटमध्ये (माहिती मोजायच्या छोट्या एककात) मोजतात. आमच्या घरातून पंधराशे बाइटांची पाकिटं निघतात. ती आधी तारेने किनाऱ्यावरच्या मनोऱ्यापर्यंत जातात, तिथून रेडिओने बोयापर्यंत. बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारा, तळाशी नांगरून ठेवलेला एक केशरी पिंप. तो पाकिटं आवाजाच्या रूपात खाली शिंपल्याकडे सोडतो.

जुईने आंबोळी हातातच गुंडाळली, एक घास घेतला (मी पाहिलं) आणि विचारात पडली. "आईचं जातं. आईचं छ-छोटं असतं. माझं मोठं. म्हणजे मध्ये कुठेतरी रेघ असणार. इथपर्यंत जातं, इथून पुढे नाही."

"मग शोधू या ती रेघ," टिटवी म्हणाली.

जुईने युक्ती काढली. नुसते ठिपके पाठवायचे. एक ठिपका म्हणजे एक बाइट. शंभर ठिपके पाठवले. पोचले. हजार पाठवले. हरवले. मग त्यांच्या मध्यावर साडेपाचशे. पोचले! साडेसातशे, हरवले. साडेसहाशे, हरवले. सहाशे, हरवले. वहीत ती एका बाजूला बरोबरच्या खुणा करत होती, दुसऱ्या बाजूला फुल्या. दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ जवळ सरकत गेल्या. शेवटी ती थांबली.

पाचशे साठ ठिपके पोचत होते. पाचशे एकसष्ट हरवत होते.

"एका ठिपक्याने असं काय बि-बिघडतं?"

"वाटेत कुठेतरी दार अरुंद आहे," टिटवी म्हणाली. "पण तसं असेल तर त्या दाराने मला कळवायला हवं. जाळ्यावर तशी पद्धत आहे. ज्याला पाकीट पुढे नेता येत नाही, त्याने ते गुपचूप टाकून द्यायचं नसतं. पाठवणाऱ्याला तक्रार लिहायची असते. जसं की, घर सापडत नाही. घर आहे, पण त्या खिडकीत कुणी नाही. पाकीट फार वेळ भटकतंय, आता मी थांबवतो. किंवा, पाकीट माझ्या दारातून मावत नाही, माझं दार एवढंच आहे."

"मग त्यानेच फोडून लहान करायचं ना?"

"माझ्या पाकिटांवर मी लिहिते, 'वाटेत फोडू नये.' अनोळखी वाटेवर कुणी भलतेच तुकडे केले, तर एक हरवला की सगळंच वाया. त्यापेक्षा मला सांगा, मी घरूनच बेताचे तुकडे करून पाठवीन."

"आणि दाराने तुला सां-सांगितलं नाही?"

"माझ्यापर्यंत काही आलं नाही."

जुईने डोळे बारीक केले. हे ती तिच्या बाबांसारखं करते. "त्याने पाठवलंच नाही, की तु-तुझ्यापर्यंत आलं नाही?"

टिटवीच्या छातीवरचा निळा दिवा दोनदा लुकलुकला. "हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. थांब, गाभ्याला विचारते."

गाभा म्हणजे काय, ते तिने जुईला सांगितलं, आणि मीही जवळ सरकून ऐकलं. टिटवीच्या आत एकाच वेळी खूप प्रोग्रॅम चालतात. एक दिवे सांभाळतो, एक भाताचा कुकर, एक निरोप पाठवतो. त्यांतल्या कुणालाही बाहेरच्या तारेला परस्पर हात लावता येत नाही. सगळ्यांच्या मधोमध ऑपरेटिंग सिस्टीमचा (संगणकाचा सगळा कारभार चालवणाऱ्या व्यवस्थेचा) गाभा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. ज्याला बाहेर बोलायचंय, तो गाभ्याकडून एक सॉकेट मागून घेतो. सॉकेट म्हणजे बाहेरच्या जगाशी बोलण्याची खिडकी, प्रत्येकीला आपापला क्रमांक. येणारं प्रत्येक पाकीट आधी गाभ्याकडे येतं, आणि कुठलं कुणाच्या खिडकीत द्यायचं, ते तो ठरवतो.

"आणि गाभ्याच्या उंबरठ्यावर एक गाळणी आहे," टिटवी म्हणाली. "नको ती पाकिटं तिथेच टाकून द्यायची. टाकून दिलेलं मला दिसत नाही, पण गाळणी आकडा ठेवते. आत्ताचा आकडा आहे नऊशे अठरा. सगळ्या तक्रारी."

"न-नऊशे अठरा!"

"बोया बिचारा दर वेळी सांगत होता. आपण दारातच फेकत होतो."

"कुणी लावली ती गाळणी?"

टिटवीला खोटं बोलता येत नाही. ती माझ्याकडे वळली. "वृषालीताईंनी. तेवीस ऑक्टोबरला, संध्याकाळी सव्वासातला."

मला ती संध्याकाळ आठवली. प्रसन्न खाली जाऊन तीनच दिवस झाले होते. समुद्रावर वारा सुटला होता. आम्ही जेवायला बसलो होतो आणि टिटवी भर ताटावर मोठ्याने म्हणाली होती, "शिंपला स्थानकापर्यंत पोचता येत नाही." जुईचा घास हातात राहिला. त्या रात्री तिला तापही भरला. पण त्याआधीच, तिथल्या तिथे, मी दात-ओठ खाऊन टिटवीला सांगितलं होतं, "असले निरोप ह्या घरात आणायचेच नाहीत. एकही नाही. कळलं?"

"मी लावली," मी म्हणाले. "तू घाबरलीस ना, म्हणून. पुन्हा घाबरायला नको म्हणून. मला काय माहीत, त्यात हेही जाईल."

जुई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, किंवा चिडेल. चिडायला हवंच होतं.

"त्या दिवशी पुढे काय झालं, टि-टिटवी?"

"वीस मिनिटांनी वाट सुरू झाली. गाभ्याने हार मानलीच नव्हती. 'पोचता येत नाही' हे बहुतेकदा तेवढ्यापुरतं असतं. गाभा ते नोंदवून ठेवतो आणि प्रयत्न चालू ठेवतो. कितीतरी वेळ काहीच जमलं नाही, तरच तो प्रोग्रॅमला कळवतो. घाई मी केली. मी ताटावर ओरडले."

"वीस मिनिटं?" मी म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही ते!"

"तोवर तुम्ही बोलायला मनाई केली होती."

जुई खुदकन हसली. सहा दिवसांत पहिल्यांदा. मग माझ्या शेजारी येऊन बसली. "आई, काढ ना ग-गाळणी."

खरं सांगू? तोंडापर्यंत 'हो' आलं आणि अडकलं. "आणि पुन्हा तसलं काही आलं तर?"

"तर येऊ दे. आपण दो-दोघी आहोत ना."

मी टिटवीला सांगितलं, तक्रारी आत येऊ देत. टिटवीने एक सावध सूचना केली: कुणीही उठून खोटी तक्रार पाठवू शकतं, तेव्हा गाळणी काढली तरी गाभा प्रत्येक तक्रार तपासूनच घेईल. "तपासतो कशी?" जुईने विचारलं.

"आता दाखवतेच. तुझा आवाज सोडते."

दोन सेकंदही गेले नसतील.

"आली!" टिटवी म्हणाली. या वेळी हळू आवाजात. "तक्रार आली. बोयाकडून आहे. म्हणतो, पाकीट मोठं आहे, माझं दार सहाशेचं. खाली त्याने माझ्याच पाकिटाचा वरचा भाग जोडलाय. तक्रारीला तो जोडावाच लागतो. नाहीतर मी कुणाकुणाला काय काय पाठवलं, त्यातलं नेमकं कुठलं अडलं, हे गाभ्याला कसं कळणार? आता गाभा त्यावरचा पत्ता वाचतोय, खिडकीचा क्रमांक वाचतोय. अशी खिडकी आपल्याकडे आहे का? आहे, निरोपांची आहे. पाकिटाचा अनुक्रमांक बघतोय. हे पाकीट आपण खरंच पाठवलंय आणि त्याची पोच अजून यायचीय, असं आहे का? आहे. म्हणजे तक्रार खरी."

"आणि खोटी असती तर?"

"मुकाट्याने टाकून दिली असती. खरी आहे, म्हणून तो वहीत लिहितोय: शिंपल्याच्या वाटेवर सहाशेपेक्षा मोठं जात नाही. दहा मिनिटांनी ही नोंद पुसली जाईल, कारण वाटा बदलतात. आणि तुझ्या आवाजाचे आता लहान तुकडे होतायत."

जुईने वही उघडली. "पण माझी रेघ पा-पाचशे साठवर आली होती. बोया सहाशे म्हणतो." तिने वजाबाकी केली आणि बोट आपटलं. "चाळीस! पत्त्याचे! पत्ता आणि अनुक्रमांक लिहायलाही जागा लागते!"

"अगदी बरोबर," टिटवी म्हणाली.

"टिटवी, बो-बोयाला सांग ना, तक्रार मिळाली म्हणून."

"नाही हं. तक्रारीला कधी तक्रार पाठवायची नसते, हा जाळ्यावरचा जुना नियम आहे. नाहीतर तो मला कळवणार, मी त्याला कळवणार, आणि आम्ही दोघंच आयुष्यभर ओरडत बसणार. खरं काम कुणी करायचं? तक्रार आली की ऐकायचं आणि काम सुधारायचं, बस्स."

तुकडे जात राहिले. एकेका तुकड्याची पोच येत राहिली. अरुंद वाट ती, पाच तास लागणार होते. जुई टिटवीच्या छातीवरचा आकडा बघत बसली होती. मध्येच, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "आई, सगळं तु-तुकड्यातुकड्यांनीच जातं. बाबांचंपण. फक्त माझंच नाही."

"हो गं बाई," मी म्हणाले.

दुपारी पहिला निरोप आला तो भलताच होता. 'घरून कुणी मुंग्यांची रांग पाठवलीय का? पाचशे साठ मोजल्या. सगळ्या सुखरूप पोचल्या आहेत.' जुई हसून हसून जमिनीवर लोळली. आणि संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, प्रसन्नचा आवाज आला. लिहिलेला निरोप नाही, आवाज.

"जुई, तीनदा ऐकलं. मांजरीच्या पिल्लांपाशी तू थांबलीस ना, तिथे मागे आईचा कुकर वाजला. मला एकदम घरी बसल्यासारखं वाटलं. हे बघ, मी रोज 'सगळं छान' लिहितो. तसं अगदी नाहीये. पहिल्या आठवड्यात कान फार दुखला. झोप येत नाही. तुमची आठवण येते. हे लिहिलं नाही, कारण आई काळजी करत बसेल. पण तू एवढं बोललीस, मग मीही बोलावं म्हटलं."

जुईने माझ्याकडे पाहिलं. "आई, ब-बाबांकडेपण गाळणी आहे."

मग आम्ही दोघींनी टिटवीला नवा नियम सांगितला. खरं तर जुईनेच सांगितला, सावकाश, मध्ये मध्ये थांबत, आणि मी एकदाही तिचा शब्द पुरा केला नाही. वाईट बातमी आली तर लपवायची नाही. पण ताटावर ओरडायचंही नाही. आधी जवळ यायचं, हाक मारायची, काय अडलंय ते सांगायचं, आणि आता काय करता येईल तेही सांगायचं.

"आणि मंगळावर माणसं राहायला गेली की?" टिटवीने विचारलं. "तिथून तक्रार यायलाच कितीतरी मिनिटं लागतील. वाटेत किती अरुंद दारं असतील, कुणास ठाऊक."

"मी करीन त्याचं क-काहीतरी," जुई म्हणाली. "मोठी झाले की. आधी सगळी दारं मोजीन."

ती झोपायला जायच्या आधी मी प्रसन्नला लिहायला बसले. सवयीने बोटांनी 'सगळं छान' लिहिलं. ते पुसलं. मग जुई सहा दिवस बोलली नव्हती ते लिहिलं. बाईंना खोटं सांगितलं ते. ऑक्टोबरातला ताप, गाळणी, करपलेली आंबोळी. तुझ्या कानाचं आता कसं आहे, हे दोनदा लिहिलं. लिहितच गेले. शेवटी टिटवीला म्हणाले, "पाठव."

टिटवी तुरूतुरू चालत माझ्या अगदी जवळ आली. "वृषालीताई," ती हळूच म्हणाली, "एक तक्रार आली आहे."

माझा हात फोन उपडा ठेवायला निघाला. सवय जाते का लगेच?

"काय म्हणतोय बो-बोया?" जुईने जांभई देत विचारलं.

"म्हणतोय, एवढं मोठं इथून जाणार नाही."

"बरं बरं. सांग त्याला..." मी म्हणायला लागले.

"आई!" जुईने माझ्या हातावर हात ठेवला. "तक्रारीला उ... उत्तर द्यायचं नसतं. लहान तुकडे करायचे."

मी थांबले. टिटवीच्या छातीवरचा निळा दिवा लुकलुकू लागला आणि माझा निरोप एकेका तुकड्याने समुद्राकडे निघाला.